योगिनीचा अलर्ट आणि सिताराची खुर्ची

आमच्या घरात दोन जावा आहेत, एक वेळेची पक्की आणि एक वेळखाऊ. वेळखाऊ मी, वैभवी. शेलूबाजारच्या शाळेत मी मराठी शिकवते. पोरं निबंध लिहायला लागली की मी खिडकीतून हायवे बघत बसते आणि तास संपल्याचं मला शिपाई येऊन सांगतो. वेळेची पक्की ती माझी धाकटी जाऊ योगिनी. ही बाई चहा निवायची वाट पाहत नाही, तोंड पोळून घेते. तिच्याबद्दल आज लिहायला बसले, कारण गेल्या सोयाबीनच्या हंगामात तिनं लावलेला एक अलर्ट धनजच्या एका बाईच्या खुर्चीवर उठला होता, आणि तो मी जवळून पाहिला.

योगिनी रिसोडची. तिचं बालपण एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत गेलं. एखादी गाडी वेळेवर लागली नाही की ही फ्रॉकातली पोरगी चौकशीच्या खिडकीशी जाऊन उभी राहायची आणि आतल्या कंट्रोलरला विचारायची, "काहून लेट झाली?" तिला कुठं जायचं नसायचं, कोणाला घ्यायलाही आलेली नसायची. फक्त कारण पाहिजे असायचं. पुढं पुढं तो माणूस ती येताना दिसली की खिडकी लावून घ्यायचा म्हणे. तिच्या लग्नात आमच्या हरीओमभाऊजींची वरात बँडच्या नादात चौकातच रेंगाळली, तेव्हा नवरीनं स्वतः नवरदेवाला फोन लावला, "तुमी येता का मीच येऊ तिकडं?" आमच्या घराण्यातलं मुहूर्तावर लागलेलं ते एकमेव लग्न. मामाजी, म्हणजे आमचे सासरे रामराव, ही गोष्ट अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. कौतुकानं सांगतात की तक्रारीनं, ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

ती संगणकाची इंजिनिअर. पुण्यातली एक कंपनी सोयाबीन, तूर खरेदी करते आणि आमच्या जिल्ह्यात गावोगावी तिची छोटी केंद्रं आहेत. या केंद्रांवरचं ॲप नीट चालतं की नाही हे आमच्या माडीवरच्या खोलीत बसून पाहणं, हे योगिनीचं काम. शेतकरी माल घेऊन आला की केंद्रावरचा माणूस त्याचं नाव स्क्रीनवर उघडतो, ओलावा तपासून आकडा भरतो, वजन घेतो आणि पावती काढतो. नाव उघडल्यापासून पावती निघेपर्यंतची ही एक फेरी. योगिनी तिला ट्रान्झॅक्शन म्हणते. फेरी रेंगाळली तर ती स्लो. फारच रेंगाळली तर ॲप कंटाळून ती अर्धवट सोडून देतं, तो टाइमआउट. कंटाळून हा शब्द माझा. ती मला लगेच दुरुस्त करते, "ताई, ॲप कंटाळत नाई, समोरचा मानूस कंटाळते. म्हनून तं ध्यान ठेवा लागते."

ध्यान ठेवायचं म्हणजे दिवसभर स्क्रीनला डोळे लावून बसायचं नाही. त्यासाठी अलर्ट लावायचे. अमुक वेळेपेक्षा फेरी लांबली तर माझा फोन वाजव, असं यंत्राला सांगून ठेवायचं आणि आपण भाजी फोडणीला टाकायची. ऐकायला सोपं आहे. पण अमुक म्हणजे किती, सगळी मेख तिथं आहे.

योगिनीनं पहिल्यांदा ती वेळ आपल्या स्वभावाप्रमाणे ठरवली, म्हणजे कोणाला श्वास घ्यायची उसंत नाही अशी. झालं, फोन सकाळपासून कोकलायला लागला. आरती सुरू झाली की वाजे, ताटावर बसलं की वाजे. एकदा मामाजींचा घास घशात अडकला. "कोन मेलं पाह्य बरं," ते म्हणाले. मेलं कोणी नव्हतं, रिसोडच्या केंद्रात नेटवर्क जरा दमानं चाललं होतं. पुढं पुढं फोन वाजला तरी तिनं वळून पाहणं सोडलं. मग एके दिवशी सर्व्हर खरोखर बसला आणि तो अलर्टही तिनं बाकीच्यांसारखाच उशीखाली दाबला. पुण्याहून साहेबांचा फोन आला तेव्हा कळलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

नंतर तिनं सगळं पुन्हा मांडलं. एखाददुसरी फेरी रेंगाळली तर यंत्रानं गप्प राहायचं, लागोपाठ रेंगाळायला लागल्या तर सांगायचं. स्लोला साधा मेसेज, टाइमआउटला घंटा. आणि घंटेबरोबर केंद्राचं नाव व तिथं बसणाऱ्या माणसाचं नावही आलं पाहिजे, म्हणजे लगेच फोन करून विचारता येईल. हे शेवटचं तिनं निव्वळ सोयीसाठी केलं होतं. प्रत्येक घंटेची एक प्रत साहेबांकडे जाते, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं नाही.

दसऱ्यानंतर माल यायला लागला आणि रोज सकाळी घंटा सुरू झाली. दरवेळी तीच दोन नावं. धनज, सितारा. धनज, सितारा. बाकीची केंद्रं सुरळीत, आणि धनजच्या नावापुढं लाल ठिपक्यांची माळ. योगिनीनं सर्व्हर तपासला, धनजचं नेटवर्क तपासलं, तिथला संगणक इथून चालवून पाहिला. सगळं ठणठणीत होतं.

सितारा म्हणजे धनजच्या केंद्रावर बसणारी बाई. तिचा नवरा गफ्फार गाद्या भरायचं काम करतो. बारावी झालेली सितारा केंद्रावर नोकरी करणार म्हणाली, तेव्हा घरात आणि मोहल्ल्यात बराच खल झाला होता. दिवसभर गावच्या पुरुषांसमोर बाई खुर्चीवर बसणार, हे पुष्कळांना रुचलं नाही. शेवटी गफ्फारनं आपल्या हातानं भरलेली एक लहानशी गादी सगळ्यांच्या देखत नेऊन त्या खुर्चीवर ठेवली आणि विषय संपवला. हे सितारानंच योगिनीला फोनवर सांगितलं होतं. दोघींची भेट कधी झालेली नव्हती, पण कामाच्या निमित्तानं बोलणं होई आणि बोलणं कामावर थांबत नसे.

योगिनीनं तिला विचारलं, "सितारा, तुह्याकडच्या फेऱ्या काहून लटकून राह्यल्या?"

"मले तं कायी लटकेल दिसत नाई मॅडम," सितारा म्हणाली. "सारे लोकं खूश हायेत. भांडन नाई, तंटा नाई. तुमाले कोनं सांगतलं?"

सांगितलं होतं यंत्रानं, आणि यंत्राचं म्हणणं साहेबांनीही वाचलं होतं. त्यांचा मेसेज आला की धनजच्या बाई फार हळू आहेत, दिवाळीनंतर त्यांच्या जागी कारंज्याचा एक शिकलेला माणूस बसवतो. बायकांना हा व्याप झेपत नसेल, असंही त्यांनी खाली जोडलं होतं. योगिनीनं तो मेसेज मला वाचून दाखवला तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

"अलर्ट म्या लावला ताई. मशिनीची चूक पकडाले लावला. अन् पकडलं कोनाले, तं सिताराले."

"अन् थे खरंच हळू असंन तं?" मी म्हणाले.

"मंग डोयानं पाहीन अन् हळू हाय म्हनीन. पाह्यल्याबिगर नाई म्हनत."

साहेबांनी दिवाळीनंतरचा वायदा केलेला, म्हणजे हातात थोडेच दिवस होते. तेवढ्यात कारण सापडलं नाही तर सिताराची खुर्ची जाणार, आणि गाव म्हणणार की पहा, आम्ही म्हणत नव्हतो का. माझ्या शाळेला सुट्टी लागली होती. योगिनीनं मला सोबत ओढलं. शेलूबाजारहून एसटीनं कारंजा आणि तिथून काळीपिवळीनं धनज. जीप भरेपर्यंत ड्रायव्हर काही हलेना. योगिनीनं त्याला दरवेळी वेळ विचारावी आणि त्यानं दरवेळी "हे निंगालीच ताई" म्हणून बिडी पेटवावी, असं बराच वेळ चाललं.

धनजचं केंद्र म्हणजे एक टिनाचं शेड, पुढ्यात वजनकाटा आणि निंबाखाली दोन बाक. सितारा काटकुळी, चष्मेवाली, डोक्यावरून ओढणी घेतलेली. आम्हाला पाहून ती गडबडीनं उठली आणि गफ्फारच्या गादीवर मला बसवायला लागली. योगिनी म्हणाली, "तू तुहं काम कर, आमी पाहत बसतो." तेवढ्यात सिताराचा फोन वाजला. बाईचा आवाज इतका खणखणीत होता की आम्हाला बाकावर ऐकू आला.

"सितारा, माहा नंबर लावून ठेव वं. दोन पोते हायेत. अमरसिंगचा ऑटो आला का निंगतोच."

"लावतो काकू. सावकाश या."

सितारानं पंचफुलाबाई असं नाव उघडलं, ओलाव्याची चौकट रिकामीच सोडली आणि दुसरं नाव उघडलं, कारण फोन पुन्हा वाजला होता. मग फोन येतच राहिले. कोणाचं वाहन यायचं होतं, कोणाला आधी दवाखान्यात जायचं होतं, कोणाच्या घरी अचानक पाहुणे आले होते. प्रत्येकाचं नाव ती उघडे आणि तसंच सोडून देई. काट्यावर प्रत्यक्ष माल घेऊन उभा असलेला माणूस मात्र झटक्यात मोकळा होत होता. हळूपणाचा कुठं मागमूस नव्हता. आणि थोड्या वेळानं योगिनीच्या पर्समध्ये घंटा वाजायला लागली. धनज, सितारा. धनज, सितारा.

योगिनी स्क्रीनकडे पाहत राहिली, मग सिताराकडे. "हे नावं उघडून कायले ठेवून राह्यली तू?"

"नंबर लावाले," सितारा म्हणाली. यात विचारण्यासारखं काय आहे, असा तिचा चेहरा. "दवाखान्यात लोकं लाईनीत चप्पल ठेवतेत ना मॅडम? तसंच हाय हे. नाव उघडलं का यादीत चढते. मंग थे बंद पडलं तरी अपूर्न म्हनून यादीत राह्यते, अन् नंबर बराबर राह्यते."

मला हसू आवरेना. रेशन दुकानासमोर, दवाखान्यासमोर चप्पल, पिशवी, नाहीतर साधा दगड ठेवून माणसं सावलीत जाऊन बसतात आणि त्या दगडाचा नंबर कोणी मोडत नाही, हे आम्ही जन्मापासून पाहत आलो आहोत. पुण्याच्या ॲपमध्ये चप्पल ठेवायला जागाच केलेली नव्हती. लोकांनी आणि सितारानं मिळून ती काढली होती. योगिनीच्या माडीवर जे लाल ठिपके दिसत होते, ती निंबाखाली बसलेली किंवा अजून घरीच असलेली माणसं होती.

योगिनी हसली नाही. "अवं पन याच्यापायी तुही नोकरी जाऊन राह्यली," ती जवळजवळ ओरडलीच.

साहेबांचा बेत सिताराला कोणी कळवलेलाच नव्हता. तिचा चेहरा उतरला. चष्मा काढून तिनं ओढणीनं पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाली, "पयल्या साली असा नंबर नव्हता मॅडम. ट्रॅक्टरवाले पयले यायचे अन् पयले जायचे. पंचफुलाकाकूकडं ना बैल, ना गाडी. मांगून येनार तं मांगंच राह्यनार. एकदा तं दिवस बुडाला अन् थे पोते घेऊन वापस गेली. मी इथं बसून थे नुसतं पाहू का?"

पंचफुलाबाई आल्या तेव्हा ऊन चढलं होतं. अमरसिंगच्या ऑटोतून दोन पोती उतरली. काट्याजवळ ट्रॅक्टरवाले उभे होते, पण सितारानं नाव पुकारलं तसे ते मुकाट्यानं बाजूला झाले. कोणी कुरकुर केली नाही. पंचफुलाबाईंनी पावती पदराच्या गाठीत बांधली, सिताराच्या टेबलावर उकडलेल्या शेंगांची पुरचुंडी ठेवली आणि आल्या तशा गेल्या.

घरी आल्यावर तिनं साहेबांना सगळं खरं लिहून कळवलं. सिताराची चूक नाही, ॲपमध्ये नंबर लावायची सोय नाही, ती केली की टाइमआउट राहणार नाहीत. खरं तेच लिही, असं मीही तिला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी साहेब व्हिडिओवर आले. मी त्याच खोलीत खाली बसून मेथी निवडत होते. साहेब एकदम खुशीत होते.

"उत्तम कल्पना आहे योगिनी. नंबर लावायचं बटण आपण शेतकऱ्याच्याच मोबाईलवर देऊ. तो आपला नंबर लावेल, आपला येईल. पावतीचं बटण काट्यावर पोती चढवणारा हमाल दाबेल. मग धनजसारख्या ठिकाणी ऑपरेटर लागतोच कशाला?"

योगिनी काहीतरी बोलायला गेली, पण साहेब पुढं निघून गेले होते. "आठवडाभर धनजला करून बघू. तोवर त्या बाईंना बसू द्या, पण सांगा, फोन उचलायचे नाहीत. नाहीतर लोक बटण वापरणार नाहीत."

स्क्रीन काळी झाली. योगिनी माझ्याकडं वळली. "मी तिले वाचवाले गेली ताई, अन् म्याच तिची खुर्ची काढून देल्ली." मेथीच्या काड्या आणि पानं मी एकाच पातेल्यात टाकत होते.

बटण तयार झालं. नोकरी म्हटलं की करावंच लागतं, आणि खोटं कशाला बोलू, तिनं ते उत्तम केलं. सिताराला फोन करून साहेबांचा निरोपही तिनंच दिला. पलीकडून नुसतं "बरं" आलं. रोज घरचं-दारचं सगळं सांगणारी सितारा त्या दिवशी दुसरं काही बोलली नाही.

पहिल्या दिवशी एकही घंटा वाजली नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. धनजचा आलेख हिरवागार. साहेबांनी अंगठ्याचं चित्र पाठवलं. हरीओमभाऊजी खूश, कारण बायको ताटावरून मध्येच न उठता जेवायला लागली. मामाजींनी तर विचारलं, "फोन बिमार हाय का?"

योगिनी मात्र सुखानं बसेना. फोन हातात घेऊन तो चालू आहे ना हे ती सारखी पाही. तिला उशिराची सवय होती, अशा शांततेची नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी ती लॅपटॉप घेऊन खाली स्वयंपाकघरात आली आणि फरशीवर मांडी घालून बसली. आधी सिताराच्या वेळी जी नावं रोज अर्धवट लटकायची ती एका बाजूला उघडली, बटण आल्यावरची दुसऱ्या बाजूला, आणि मोठ्यानं वाचायला लागली. "पंचफुला. नाई. जानराव. नाई. ललिताबाई. नाई." जी माणसं चपलेसारखं नाव ठेवून मागून येत होती, त्यातलं एकही आलं नव्हतं. नंबर लावले होते ते ट्रॅक्टरवाल्यांनी आणि भारी फोनवाल्यांनी, सकाळी बटण उघडताच घरातल्या झाडून सगळ्यांच्या नावानं.

तिनं सिताराला फोन लावला. सितारानं उचलला नाही. दोनदा लावल्यावर योगिनीला आठवलं की फोन उचलू नको, हा निरोप आपणच दिला आहे. मग तिनं गफ्फारला लावला.

गफ्फार आधी बोलायलाच तयार नव्हता. मग एकदम सुटला. "लोकं दारात येईल त्या व्यापाऱ्याले माल देऊन मोकळे होऊन राह्यले. थे बटन अर्ध्या गावाले समजत नाई. सिताराले फोन करतेत तं तुमच्या कंपनीनं उचलाले मनाई केली. बाई खुर्चीवर बसली तं शेफारली म्हनतेत मॅडम. इज्जतीचा सवाल झाला. फोन समोर वाजते अन् थे पाहत बसते. घरी येऊन रडते."

फोन ठेवल्यावर योगिनी भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "माहा अलर्ट उशीर झालेल्याले पकडते ताई. जो आलाच नाई, त्याले उशीर होतच नाई."

मी पोळ्या लाटायची थांबले. शाळेत उशिरा येणाऱ्या पोराला आम्ही दारात उभं करतो, कारण विचारतो, सगळ्यांसमोर दोन शब्द सुनावतो. जे पोर येतच नाही त्याला दारात कोण उभं करणार? त्याची जागा रिकामी असते, वर्गात आवाज कमी असतो आणि बाईंना वाटतं, आज वर्ग कसा शिस्तीत आहे. हे मला इतकी वर्षं शिकवून सुचलं नव्हतं. माझ्या या तापट जावेचा मला त्या क्षणी फार अभिमान वाटला, आणि तिची कीवही आली.

ती उठली आणि वर गेली. त्या संध्याकाळी तिनं एक नवाच अलर्ट लावला. हंगामात ज्यांची नावं नेहमी येतात ती यायची बंद झाली, तर घंटा. स्लो नाही, टाइमआउट नाही, न आलेल्यांची घंटा. आणि या वेळी तिनं साहेबांचा नंबर जाणूनबुजून पहिला घातला.

"साऱ्या नावाचा एक मेसेज पाठव ना," मी म्हणाले.

"एकच मेसेज असला तं वाचतेत अन् सोडून देतेत. एकेक मानूस पाठवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पुण्यात घंटा वाजायला लागली. पंचफुला, धनज, आली नाही. जानराव, धनज, आला नाही. ललिताबाई, धनज, आली नाही. जेवणवेळेच्या आत साहेबांचा फोन आला. आवाज चढलेला.

"हे काय लावलंय तुम्ही? मीटिंगमध्ये फोन थांबत नाहीये. कोण आहेत ही माणसं?"

"सर, सितारामुळं रोज टाइमआउट होत होते ना, तीच माणसं आहेत," योगिनी म्हणाली. "आता ती येतच नाहीत. म्हणून आपला आलेख हिरवा आहे."

साहेब माणूस वाईट नाही. पुण्यात बसून त्यांना जे रंग दिसत ते खरे धरून ते चालत होते, आणि रंग योगिनीनंच भरले होते. ते म्हणाले, "फोनवर नंबर घ्यायची ती पद्धत बाईंना पुन्हा सुरू करायला सांगा. बटण त्यांच्याच स्क्रीनवर द्या."

"आणि त्यांची जागा, सर?"

"राहील. आणि ही घंटा आधी माझ्या फोनवरून काढा."

"माणसं आली की ती आपोआप थांबेल सर," योगिनी म्हणाली आणि फोन ठेवला.

आम्ही दोघींनी शिरा केला. मामाजींना काय झालं ते नीटसं कळलं नाही, पण त्यांनी दोनदा घेतला. मला वाटलं, झालं, संपलं. संध्याकाळी सिताराचा फोन आला.

"खुर्ची भेटली मॅडम," ती म्हणाली. "पन लोकाईले मी काय सांगू? कंपनीनं मनाई केल्ती म्हनलं तं कोन मानते? आज दुपारपासून फोन हातात धरून बसली. एकाचाई आला नाई."

योगिनी म्हणाली, "उद्या मी येतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा धनजला गेलो. पंचफुलाबाईंच्या घरी यायला सितारा तयार नव्हती, योगिनीनं तिला हाताला धरून आणलं. पंचफुलाबाई अंगणात सुपानं सोयाबीन पाखडत होत्या. त्यांच्यामागं आणखी दोन भरलेली पोती तोंड उघडी टाकून उभी होती, म्हणजे हा माल अजून व्यापाऱ्याकडं गेलेला नव्हता. त्यांनी सिताराला पाहिलं आणि मान खाली घालून पाखडत राहिल्या. सितारा फाटकाशीच थांबली.

योगिनी पुढं झाली. "काकू, फोन म्या बंद करवला होता. सिताराचा कायी दोष नाई."

पंचफुलाबाईंनी सूप खाली ठेवलं आणि तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "अन् तू कोन वं?"

"मी शेलूबाजारहून थे मशीन पाहतो. कोनाले उशीर झाला का मले समजते."

"असं. मंग मी तीन दिवस फोन लावून राह्यली अन् कोनी उचलत नाई, थे समजलं का तुले?"

कंट्रोलरला, नवरदेवाला, साहेबाला कधी उत्तर द्यायची राहिली नाही अशी माझी जाऊ, पण तिथं तिची मान खाली गेली. डोळे भरून आले होते. "उशिरा समजलं काकू," ती म्हणाली.

पंचफुलाबाईंनी फाटकाकडं तोंड करून हाक मारली, "अन् तू तिथं पाहुनीवानी कायले उभी? अंदर ये. दाभन घे अन् पोत्याचे तोंडं शिव. उद्या तुह्या काट्यावर न्याचे हायेत."

सितारा आत आली. कोनाड्यातलं दाभण तिनं न विचारता काढलं, सुतळी ओवली आणि पोत्याजवळ बसली. दोन टाके घातले असतील नसतील, तिला हुंदका फुटला. चष्म्यावरून पाणी वाहायला लागलं, तिला समोरचं दिसेना.

पंचफुलाबाईंनी सूप पुन्हा हातात घेतलं. "रडाचं हाय तं रड," त्या म्हणाल्या, "पन टाके बराबर घाल."